जोडी हजर

गेल्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सकाळी मी पोहण्याच्या तलावातले दोर काढत होते. दिल्लीतले उघडे तलाव थंडीत बंद होतात. शेवटच्या दिवशी लोक फोटो काढतात, 'मैडम, मार्च में मिलते हैं' म्हणून जातात, आणि मग आमचं काम सुरू होतं. पोहण्याच्या दोन रांगांच्या मधे रंगीत चकत्या ओवलेले दोर असतात. टीव्हीवर ते खेळण्यासारखे दिसतात. ओल्या दोराचं गुंडाळं एकट्या माणसाला उचलत नाही. एका टोकाला मी होते आणि दुसऱ्या टोकाला रामअवतार. ते आमच्या तलावाचे सगळ्यात जुने कर्मचारी. मी इथे लागले तेव्हाही ते जुनेच होते.

फोन वाजला. छाया जाधवचा होता.

"मॅडम, कोमल पाण्यात उतरतच नाही ओ."

कोमल तिची मुलगी. लहानपणी आणि मोठेपणीही माझ्याकडे पोहलेली. आता ते लोक सातारा जिल्ह्यात त्यांच्या गावी असतात. उन्हाळ्यात तालुक्याला नगरपालिकेचा नवा तलाव सुरू झाला, ही बातमी मला छायानेच आनंदाने कळवली होती.

"कधीपासून उतरत नाही?"

"एक दिवस पण न्हाई उतरली. पोशाख घालते, टोपी घालते, चष्मा लावते आणि कडेला बसून राहते. बायकांचा तास संपला की उठते आणि म्हणते, चला."

"रडते? चिडते?"

"न्हाई ओ. खुशीत असते. येताना रस पिते उसाचा."

"जाधवसाहेब काय म्हणतात?"

"ते म्हणतात, इतकी वर्षं पाण्याबाहेर राहिली, विसरली. डोक्यातनं गेलं. पास संपला की बंद करा, लोक बघतात." मग छाया आवाज खाली करून म्हणाली, "मॅडम, जानेवारीत पुण्याला स्पर्धेची निवड आहे. त्यात नाही पोहली तर परत कोण घेणार तिला? हिला दुसरं काय येतंय?"

मी म्हटलं, विचार करते, संध्याकाळी सांगते. फोन ठेवला. पण दोर हातात तसाच राहिला.

वाचकांना माझा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. पोहायला शिकवतात म्हणजे हातपाय मारायला शिकवतात असं लोकांना वाटतं. हातपाय कोणीही मारतं. शिकवायचं असतं ते श्वास सोडायला, तेही पाण्याखाली. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो. पदवीधर असो की नसो, तो धरूनच ठेवतो. आर. के. पुरमचे एक मोठे अधिकारी डॉक्टरांनी कंबरेसाठी पोहायला सांगितलं म्हणून आले होते. महिनाभर तोंड पाण्यात घालायला तयार नव्हते. "मैडम, इलाज कमर का है, इसमें मुँह का क्या काम?" करोल बागेतले एक गाडीच्या सुट्या भागांचे व्यापारी पहिल्याच दिवशी विचारू लागले, "कौन सा स्ट्रोक सबसे अच्छा एवरेज देता है?" मी म्हटलं, उताणं पडून राहण्याचा. ते अजूनही तेच करतात आणि खूश आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षकाचं लक्ष हातांवर कमी असतं, डोक्यांवर जास्त. पाण्यात किती डोकी गेली आणि किती वर दिसताहेत, हे मनात सतत चालू असतं. जेवताना, लग्नात, मेट्रोतसुद्धा मी डोकी बघते. ही खोड आता जाणार नाही. पण एका माणसाच्या दोन डोळ्यांनी काम भागत नाही, म्हणून माझ्या तलावावर जोडीचा नियम आहे. तो माझ्या शिक्षिकेने मला दिला. सगळ्यांनी तयार होऊन कडेला बसायचं. मी जोड्या पुकारते. आपली जोडी पुकारल्याशिवाय कोणी पाण्यात पाय टाकायचा नाही. पलीकडच्या भिंतीला जो आधी पोचेल त्याने थांबायचं, जोडीदार आला की दोघांनी हात वर करून सांगायचं, 'जोडी हजर.' मग परत निघायचं. लहान-थोर सगळ्यांना हाच नियम. त्या मोठ्या अधिकाऱ्यांची जोडी मी एका शाळकरी मुलीशी लावायचे. ती त्यांना भिंतीपाशी ताटकळत ठेवायची.

कोमलला छायाने आणलं तेव्हा ती पाचवीच्या वयाची होती. शाळा मात्र वेगळी, विशेष मुलांची. वडील सुभेदार, घर छावणीत. तिथून दोन बस बदलून मायलेकी आर. के. पुरमला यायच्या. बौद्धिक अक्षमता असा शब्द कागदावर होता. छायाने तो वाचून दाखवला नाही. ती हिंदीत म्हणाली, "समझने में टाइम लगता है, मैडम. और रात को सोती नहीं. थक जाएगी तो सोएगी." एवढीच अपेक्षा होती.

पहिले काही दिवस कोमलने माझं काही ऐकलं नाही. मी म्हणायचे, हाथ आगे, पानी पीछे. ती माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा छाया बाकावरून वैतागून ओरडली, "अगं पाणी मागं ढकल की, मागं." कोमलने ढकललं. तेव्हा मला कळलं की ही मंडळी आपल्याकडची आहेत, आणि छायाला कळलं की मी पण.

माझे वडील मंत्रालयात नोकरीला होते. मी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. माझं मराठी घरातलं, फोनवरचं आणि गणपतीतलं. तलावावर मी एवढ्या वर्षांत मराठी शब्द उच्चारला नव्हता. माझ्या मुलाला 'कोमट' म्हणजे काय ते कळत नाही, त्याला गुनगुना सांगावं लागतं. त्या दिवसापासून मी काठावर उभी राहून मराठीत ओरडू लागले. हात पुढं. पाणी मागं. तोंडातनं बुडबुडे. एका वेळी एकच सूचना, आणि ती रोज त्याच शब्दांत. शब्द बदलला की कोमलसाठी ती वेगळी गोष्ट व्हायची. बाकीचे सगळे ऐकून ऐकून शिकले. सिमरन नावाची तिच्याच वर्गातली मुलगी होती, राजौरी गार्डनच्या शीख घरातली, गोल चेहऱ्याची, फार हळू पोहणारी. ती तर वर आली की मलाच सांगायची, "मैडम, शाब्बास." करोल बागवाले म्हणायचे, "हमें भी मराठी में सिखाओ, शायद जल्दी आ जाए."

सिमरन आणि कोमल यांची जोडी मी लावली, कारण दोघींना घाई नव्हती. निदान मला तसं वाटलं होतं.

कोमलला मोजता येत नाही. किती फेऱ्या झाल्या हे तिला सांगता येत नसे. म्हणून मी घरून दह्याचे रिकामे डबे आणले. भिंतीवर डावीकडे मांडायचे, दर फेरीला एक उजवीकडे. डबे संपले की फेऱ्या संपल्या. जोडीचा नियम तिने ज्या दिवशी ऐकला त्या दिवशीच तिच्यात बसला. इतरांना मी रोज आठवण करून द्यायचे. ते अर्धे थांबायचे, अर्धे पळायचे. कोमल कधी चुकली नाही. ती आता फार वेगाने पोहू लागली होती. सणकन जायची, भिंत धरायची आणि मागे वळून सिमरनची वाट बघत उभी राहायची. वाट बघताना तिचा चेहरा मला आजही दिसतो. त्यात कंटाळा नसायचा. सिमरन पोचली की दोन हात वर आणि दोन आवाज. एक आवाज पाणी प्यायलेला.

आता स्पर्धेचं सांगते. अशा मुलांच्या स्पर्धा वेगळ्या रीतीने घेतात. एकाच वयाची दोन मुलं पोहण्यात अगदी वेगळ्या पायरीवर असतात, म्हणून आधी सगळ्यांची चाचणी घेतात. चाचणीतल्या वेळेवरून बरोबरीची मुलं एका गटात टाकतात, आणि पदक त्या गटात द्यायचं असतं. आता काही प्रशिक्षक असेही असतात की चाचणीत मुलाला मुद्दाम हळू पोहायला लावतात, म्हणजे तो सोप्या गटात पडेल. ते अडवायला नियम आहे: अंतिम फेरीत चाचणीपेक्षा फारच वेगाने पोहलात तर तुमचं पोहणं बाद. नियम योग्य आहे. तो नसता तर काय काय झालं असतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

कोमल राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. स्पर्धा दिल्लीतच होती. त्या वर्षी जाधवसाहेबांची निवृत्ती जवळ आली होती. पदक मिळालं तर सराव शिबिरात निवड, शिबिराला वसतिगृह, म्हणजे आईवडील गावी गेले तरी कोमल दिल्लीत पोहत राहणार. हे तिघांना माहीत होतं: मला, छायाला आणि सुभेदारांना. कोमलला पोहायचं एवढं माहीत होतं.

चाचणीत तिच्या शेजारच्या रांगेत सिमरन आली. योगायोग. जाऊन-येऊन एक फेरी होती. कोमल सगळ्यांच्या पुढे भिंतीला पोचली, भिंत धरली आणि थांबली. मी काठावरून बघत होते. तिने मागे वळून बघितलं. सिमरन अर्ध्यातही नव्हती. बाकीच्या मुली वळून परत निघाल्या. कोमल उभी. सिमरन आली, दोघींनी हात वर केले आणि मग निघाल्या. प्रेक्षक हसले, टाळ्या वाजल्या. छायाने माझा दंड धरला होता. बोटांच्या खुणा संध्याकाळपर्यंत होत्या.

मी पंचांकडे गेले. चाचणी पुन्हा घ्या म्हटलं. पंच भले गृहस्थ होते.

"बीमार थी क्या?"

"नहीं."

"तो रुकी क्यों?"

"पार्टनर के लिए."

त्यांनी पेन हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "मैडम, ये मैं कागज़ पर क्या लिखूँ?"

कोमलचा गट ठरला, हळू पोहणाऱ्या मुलींचा. सिमरन त्याहूनही हळू गटात गेली. म्हणजे अंतिम फेरीत कोमलला थांबायचं कारण नव्हतं. ती तिच्या वेगाने पोहली की बाद होणार, हे स्पष्ट होतं.

फेरीच्या आधी सुभेदार माझ्याजवळ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तिला जरा सावकाश पोहायला सांगा. एवढंच. बाकी मी कधी काही मागितलं नाही."

खरंच त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. मी कोमलकडे गेले. ती टोपीत केस कोंबत होती. पाण्यात उतरण्याआधी ती रोज मला एकच प्रश्न विचारायची. तोच तिने विचारला.

"जोरात?"

सावकाश हा शब्द आमच्यात नव्हता. सांगितला असता तर तिने मानला असता की नाही, माहीत नाही. बहुधा मानला असता. ती माझं सगळं मानायची. सुभेदार चार पावलांवर उभे होते.

"जोरात," मी म्हटलं.

ती तशी पोहली. मी तिला तसं पोहताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाकीच्या मुली भिंतीला पोचायच्या आधी ती परत येऊन काठाला हात लावून बसली होती. मग फळ्यावर तिच्या नावापुढे बाद झाल्याची रेघ आली. तिला भाग घेतल्याची फीत मिळाली. ती तिने गळ्यात घालून सिमरनला दाखवली, सिमरनच्या आजीला दाखवली, पाणी विकणाऱ्यालाही दाखवली.

मला अनेकांनी विचारलंय, तेव्हा सावकाश का सांगितलं नाही. या मुलीला आयुष्यात प्रत्येक जण हळू म्हणतो. हळू चाल, हळू बोल, हळू खा. एका जागी ती वेगवान होती. त्या जागीही हळू म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. आजही तेच सांगेन. पण त्या 'जोरात'मुळे ती दिल्लीतून गेली, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे आणि त्याला माझा इलाज नाही.

मार्चमध्ये ते गेले. ट्रकमध्ये सामान चढलं, तेव्हा मी छावणीत गेले होते. छायाने डब्यात चटणी दिली. सुभेदार फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तुम्ही तिला जोरात म्हणालात, ते मी ऐकलं होतं." मी थांबले. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि परत फिरले. त्या 'ठीक आहे'चा अर्थ मी अजून लावते आहे.

त्यानंतर तलावावर मराठी बंद झालं. बोलणार कोणाशी? पहिल्या उन्हाळ्यात मी दोनचारदा सवयीने 'हात पुढं' म्हणाले. समोर एक नवा मुलगा होता, तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. दह्याचे डबे अजून सामानाच्या खोलीत आहेत. रामअवतार दर वर्षी विचारतात, फेक दूँ? मी म्हणते, रहने दो. सिमरनला मी दुसरी जोडीदार दिली. ती आता भिंतीला आधी पोचते, कारण ही नवी मुलगी तिच्याहून हळू आहे. थांबते तेव्हा मागे बघत नाही, फाटकाकडे बघते. "मैडम, कोमल कब आएगी?" हा प्रश्न ती रोज विचारते आणि मी रोज म्हणते, "मुँह पानी में." मला दुसरं काय सांगता येणार? काठावर उभी राहून डोकी मोजताना माझं मनही अजून एक डोकं जास्त धरतं. मग परत मोजावं लागतं.

तर त्या ३१ ऑक्टोबरला दोर हातात धरून मी कारणं शोधत होते. चष्मा घट्ट असेल. पाणी गार असेल. औषध जास्त टाकत असतील, डोळे चुरचुरत असतील. बायका हसत असतील. पण मग ती खुशीत कशी? भ्यालेलं मूल टोपी घालत नाही. टोपीच्या आधीच पोटात दुखायला लागतं त्याच्या. ही तर रोज तयार होते, वेळेवर जाते, कडेला बसते.

पलीकडच्या टोकाला रामअवतारनी गुंडाळं संपवलं आणि हात वर केला. "मैडम, आ जाओ. अकेले नहीं उठेगा."

'आले' म्हणून मी हात वर केला. आणि तो हात तसाच राहिला.

ती कडेला बसते. तयार होऊन बसते आणि वाट बघते. आमच्या तलावावर हाच नियम होता. जोडी पुकारल्याशिवाय कोणी पाण्यात पाय टाकायचा नाही. ती काही विसरली नव्हती. तिथे तिची जोडी कोणी पुकारलीच नव्हती.

अंधार पडेपर्यंत एक सोडून सगळे दोर निघाले. मग मी छायाला फोन केला.

"तिथले सर जोड्या लावतात का?"

"कसल्या जोड्या? शिट्टी मारतात, बायका उतरतात."

"आणि तुम्ही कुठे असता?"

"मी बाकावर. दिल्लीत बसायची तशीच."

"उद्यापासून बाकावर बसायचं नाही. तुम्ही तिची जोडी."

पलीकडे टीव्हीवरची मालिका बंद झाली. मग छाया म्हणाली, "मॅडम, मी विहिरीत वाकूनसुद्धा बघत न्हाई ओ."

"विहिरीत कोणी सांगितलंय? उथळ बाजूला पाणी छातीपर्यंत असतं. आडवं पोहायचं नाही, कठडा धरून चालायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती आधी पोचेल आणि थांबेल. तुम्ही पोचलात की हात वर करायचा."

"आणि घालू काय?"

"कोमलचा जुना लांब बाह्यांचा पोशाख आहे ना?"

"मला बसंल तो?"

"ताणून घाला."

"बायका हसतील."

"एक दिवस हसतील. सुभेदारसाहेबांना सांगा, कोमल नियम पाळते आहे. फौजी आहेत, त्यांना कळेल."

मागून त्यांचाच आवाज आला, "काय म्हणतात?" छायाने हात फोनवर ठेवून काहीतरी सांगितलं. बराच वेळ. मग फोनवर येऊन म्हणाली, "ते म्हणतात, तलावावर मी पण येतो, बाहेर थांबतो. मग तिला मी सांगू का, मी तुझी जोडी म्हणून?"

"नको. ते मी सांगायचं असतं. बायकांचा तास कधी?"

"दहाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहाच्या आधी तलावावर गेले. हवा धुराने जड होती. पाण्यावर पानं पडली होती. एक दोर तेवढा राहिला होता. फोन आला. मी म्हटलं, स्पीकरवर टाका आणि कोमलजवळ ठेवा. पलीकडे बायकांचा गलका होता आणि कोणीतरी खिदळत होतं. बहुधा छायाच्या पोशाखाला. मी नेहमीच्या जागी उभी राहिले आणि रिकाम्या तलावासमोर नेहमीच्या आवाजात जोड्या पुकारल्या, कोमलच्या वेळी ज्या क्रमाने पुकारायचे त्याच क्रमाने. मधेच एकदम तिचं नाव घेतलं असतं तर तिला ते खोटं वाटलं असतं. मोठे अधिकारी आणि शाळकरी मुलगी. करोल बागवाले आणि त्यांचा मेहुणा. रामअवतार खराटा टेकून माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी म्हटलं, "कोमल आणि छाया."

"छाया कोण?" कोमल म्हणाली.

"आई."

"आई," ती म्हणाली. मग आईलाच म्हणाली, "चल."

मग पाण्याचा आवाज आला. त्यामागून छायाचा, "अगं थांब, अगं धर मला." कोणी हसलं, कोणी म्हणालं, अवो कठडा धरा कठडा. मग बराच वेळ काही नाही. कोमल भिंतीला पोचली असणार आणि मागे वळून बघत उभी असणार. मी इकडे भिंतीकडे बघत होते.

मग दोन आवाज आले. एक स्पष्ट आणि एक पाणी प्यायलेला. "जोडी हजर."

"मॅडम," कोमल लांबून ओरडली. "जोरात?"

"जोरात," मी म्हटलं.

फोन खिशात टाकला आणि रामअवतारना हाक मारली. शेवटचा दोर त्यांनी त्या टोकाला धरला, मी या टोकाला.